दवाखान्यात वय '१९' का सांगितलं जातं? बालसंरक्षणाचा कायदा आणि मदतीपासून लांब राहणारी कुटुंबं

प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंद करताना सुरुवातीच्या प्रश्नांपैकी एक वयाचा असतो. मुलगी अगदी लहान दिसत असेल, तर उत्तर बऱ्याचदा तिच्याऐवजी सोबत आलेली सासू किंवा आई देते. "एकोणीस." कार्डावर १९ लिहिलं जातं आणि रांग पुढे सरकते.

यातल्या काही मुली खरोखर १९ वर्षांच्या असतात. काही सतरा वर्षांच्या असतात, काही सोळा. खरं वय सांगितलं तर काय होईल, हे घरच्यांनी गावात कुणाच्या तरी बाबतीत पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. डॉक्टर पोलिसांना कळवतील, नवऱ्यावर गुन्हा दाखल होईल, आईवडील आणि सासू-सासरे आरोपी होतील, मुलीला बालगृहात नेतील. म्हणून १९.

मुलांचं रक्षण करण्यासाठी केलेला कायदा अशा घरात पोचतो, तेव्हा ते कुटुंब सरकारी मदतीकडे येतं की तिच्यापासून लांब जातं? हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. जिथे जिथे मुलांच्या संरक्षणासाठी सरकार घरात डोकावतं, तिथे तो उभा राहिलेला आहे. पण महाराष्ट्रात त्याचं रूप फार ठळक दिसतं, कारण इथे बालविवाह भरपूर होतात आणि बाळंतपणंही जवळपास सगळी दवाखान्यात होतात.

कायदा नेमका काय सांगतो?

इथे दोन कायदे एकत्र येतात.

पहिला, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसेल, तर तो बालविवाह. लग्न लावून देणारे, ते ठरवणारे, त्याला प्रोत्साहन देणारे आणि अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा सज्ञान पुरुष, या सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. (बायकांना या कायद्याखाली तुरुंगवास होत नाही.)

दुसरा, २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा. यात १८ वर्षांखालील मुलीच्या संमतीला काही अर्थ उरत नाही. ती 'हो' म्हणाली, ती प्रेमात होती, तिचं लग्न झालेलं होतं, यानं कायद्याच्या नजरेत फरक पडत नाही. लग्नाची सवलत आधी भारतीय दंड संहितेत होती. पत्नी १५ वर्षांपेक्षा मोठी असेल, तर पतीनं ठेवलेला संबंध बलात्कार मानला जात नसे. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात ही मर्यादा १८ वर नेली आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ती १८ च आहे. त्या अत्याचारातून मुलगी गरोदर राहिली, तर तो 'गंभीर' प्रकारचा गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान शिक्षा २० वर्षं आहे.

आता या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम, पॉक्सोचं कलम १९. असा गुन्हा घडला आहे हे ज्याला कळलं, त्या प्रत्येकानं तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. 'प्रत्येक' म्हणजे डॉक्टर, नर्स, शिक्षक, समुपदेशक, शेजारी, कुणीही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एखाद्या संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत.

त्यामुळे सोळा वर्षांची गरोदर मुलगी तपासणीला आली की डॉक्टरांपुढे निवड राहत नाही. तिचं पोट हाच कायद्याच्या भाषेत गुन्ह्याचा पुरावा असतो. रुग्णालय मेडिको-लीगल नोंद करतं, पोलीस येतात, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवलं जातं. तपासणीसाठी आलेल्या मुलीची एकाच दिवसात केस होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती मोठा आहे?

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. देशाचा आकडा २३.३ टक्के होता. म्हणजे 'प्रगत' म्हणवणारं राज्य देशाच्या सरासरीच्या जेमतेम खाली. जिल्ह्यांचे आकडे पाहिले तर चित्र आणखी बदलतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं, बीडमध्ये ४३.७ टक्के.

त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. यात १८ आणि १९ वर्षांच्या मुलीही येतात हे लक्षात ठेवायला हवं. त्यांच्या बाबतीत कायद्याचा प्रश्न येत नाही. पण सगळ्या काही त्या वयाच्या नसतात.

२०२२ मध्ये कुपोषणाच्या जनहित याचिकेत राज्य सरकारनं मुंबई उच्च न्यायालयापुढे आदिवासीबहुल १६ जिल्ह्यांची माहिती ठेवली. तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह झाल्याचं आढळलं होतं. थांबवता आलेले विवाह होते १,५४१. साधा हिशेब केला तर एक लग्न थांबलं, तेव्हा दहा लागली.

ही लग्नं का होतात, हे मराठवाड्यात कुणालाही विचारा. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. या जोडीलाच 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यामागे. दिवाळीच्या सुमारास आईवडील फडावर निघाले की पुढचे पाच-सहा महिने वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? गावातली शाळा सातवी-आठवीपर्यंत, पुढच्या शाळेला रोजची एसटी नाही. अशा घरात लग्न ही मुलीच्या सुरक्षिततेची व्यवस्था मानली जाते. ती चुकीची आहे, मुलीच्या शरीराची आणि शिक्षणाची किंमत घेणारी आहे. पण ती करणारे आईवडील स्वतःला गुन्हेगार समजत नाहीत. पोलीस आल्यावरच त्यांना कळतं की ते आरोपी आहेत.

मदत करणारी आणि कळवणारी एकच

महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. शहरात ही जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे असते.

अंगणवाडी सेविकेचं रोजचं काम डोळ्यांपुढे आणा. गरोदर बायकांची यादी ती ठेवते. घरी न्यायचा शिधा ती देते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतलं गरम जेवण तिच्याच अंगणवाडीत शिजतं. मूल जन्मलं की त्याचं वजन ती करते. म्हणजे गावातली कोणती मुलगी गरोदर आहे हे तिला सगळ्यात आधी कळतं, आणि ती मुलगी अल्पवयीन असेल तर ते वर कळवणं हेही तिचंच काम.

आशाताईची अडचण वेगळी. तिला पगार नाही, कामानुसार मोबदला आहे. गरोदर मातेची नोंद, तपासण्या आणि दवाखान्यातलं बाळंतपण यावर तिची कमाई आणि केंद्राचे आकडे दोन्ही अवलंबून. घरोघरी तिला दार उघडतं ते विश्वासावर. तिनं एका घरात पोलीस आणले, तर उद्या लसीकरणाला त्या गल्लीतलं कुठलं दार उघडेल? आणि ती राहते त्याच गावात. आरोपीचे भाऊबंद तिचे शेजारी असतात.

अशा वेळी काय होतं, हे आरोग्य खात्यात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. वय विचारलं जातं, पण आधार कार्ड आग्रहानं मागितलं जात नाही. किंवा कार्ड 'घरी राहिलं' असतं. सगळ्यांनाच माहीत असतं आणि कागदावर कुणालाच माहीत नसतं.

कुटुंबं दवाखाना टाळतात, की खरं सांगणं टाळतात?

अशा चर्चेत सहसा म्हटलं जातं की कायद्याच्या भीतीनं लोक दवाखान्यात येणंच बंद करतील. काही ठिकाणी ते घडतंही. पण महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. म्हणजे बहुतेक कुटुंबं येतात. फक्त ती वय लपवून येतात.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या संदर्भात समोर आलेली आहे. तिथे शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक यांना मुलांच्या दुर्लक्षाचा किंवा छळाचा संशय आला तर कळवणं बंधनकारक आहे. ही पद्धत १९६० च्या दशकात राज्याराज्यांत आली आणि १९७४ च्या केंद्रीय कायद्यानं पक्की झाली. आज तिथली चौकशी इतकी पसरली आहे की २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, १८ वर्षांचं होईपर्यंत सुमारे ३७ टक्के मुलांच्या घराची कधी ना कधी चौकशी झालेली असते. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के आहे.

समाजशास्त्रज्ञ केली फाँग यांनी ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात गरीब आयांशी सविस्तर बोलून याचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: या आया दवाखान्यात जातात, मुलांना शाळेत पाठवतात, मदतीच्या कार्यक्रमांत नाव घालतात. पण घरात अन्न कमी पडतंय, नवरा मारतो, आपल्याला नैराश्य आलंय, हे त्या तिथे बोलत नाहीत. कारण तेच ऐकून समोरची व्यक्ती 'कळवेल' आणि मूल काढून नेलं जाईल, अशी भीती असते. परिणामी ज्या अडचणीसाठी मदत मिळू शकली असती, तीच अडचण झाकलेली राहते.

आपल्याकडचं '१९' हे असंच झाकण आहे, आणि त्याची वैद्यकीय किंमत असते.

अठराच्या आतलं गरोदरपण डॉक्टर जोखमीचं मानतात. शरीराची वाढ पूर्ण झालेली नसते. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त, बाळंतपण अडण्याचा धोका जास्त, बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यता जास्त. त्यात आपल्या मुलींच्या अंगात रक्त मुळातच कमी. पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. अशा मुलीच्या कार्डावर खरं वय असेल तर तिला जास्त वेळा बोलावलं जाईल, बाळंतपणासाठी आधीच मोठ्या रुग्णालयात पाठवलं जाईल, आशाताई तिच्या घरी जास्त फेऱ्या मारेल. वय १९ लिहिलं, तर तिची जोखीम कागदावर दिसणारच नाही. ज्या आकड्यानं घर पोलिसांपासून वाचतं, त्याच आकड्यानं मुलगी जादा काळजीला मुकते.

नुकसान इथे संपत नाही. अल्पवयीन म्हणून तिची नोंदच नसल्यामुळे तिला शाळेत परत कसं आणायचं, दुसरं मूल लवकर होऊ नये म्हणून काय करायचं, सासरी मारहाण होते का, हे विचारणारं कुणी नसतं. आणि जिल्ह्याच्या आकडेवारीत अल्पवयीन मातांची संख्या कमी दिसते, म्हणून वर बसलेल्यांना प्रश्न सुटत चालला आहे असं वाटतं.

आसाममध्ये काय घडलं?

भीती फार वाढली की लपवून येणंही थांबतं. आसाममध्ये हे दिसलं.

तिथे बालविवाहाचं प्रमाण ३१.८ टक्के होतं आणि १५ ते १९ वयोगटातल्या ११.७ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. मातामृत्यू आणि बालमृत्यू कमी करायचे असतील तर बालविवाह थांबवायला हवेत, असं सांगून राज्य सरकारनं कारवाई जाहीर केली. फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला चार हजारांवर गुन्हे नोंदवून धरपकड सुरू झाली. त्या महिन्यात तीन हजारांहून जास्त लोकांना अटक झाली. ऑक्टोबरमध्ये दुसरी फेरी झाली. लग्न काही वर्षांपूर्वी झालेलं असेल, तरी नवऱ्याला उचललं गेलं. पोलीस ठाण्यांबाहेर तान्ही मुलं कडेवर घेतलेल्या बायका रडत उभ्या असल्याचे फोटो तेव्हा देशभर फिरले.

कित्येक ठिकाणी आरोपींची नावं शोधायला गरोदर मातांच्या नोंदी कामी आल्याची चर्चा होती, आणि गावात ती चर्चाच पुरेशी असते. अल्पवयीन गरोदर मुली तपासणीला येईनाशा झाल्याच्या, घरीच बाळंतपण केल्याच्या आणि त्यात जीव गेल्याच्याही बातम्या त्या महिन्यात आल्या. गुवाहाटी उच्च न्यायालयानं अनेकांना अटकपूर्व जामीन देताना, या अटकांमुळे लोकांच्या खासगी आयुष्यात हाहाकार माजला आहे, अशा आशयाची टिप्पणी केली आणि या प्रकरणांत पॉक्सो लावण्यावरही प्रश्न विचारला.

कारवाईमुळे पुढची लग्नं कमी झाली, असा सरकारचा दावा आहे. तो खरा धरला तरी ज्यांचं लग्न आधीच झालं होतं आणि पोटात बाळ होतं, त्या मुलींचं काय झालं हा प्रश्न उरतोच. मातामृत्यू रोखण्यासाठी निघालेल्या मोहिमेनं त्यांनाच दवाखान्यापासून तोडलं.

मग कळवूच नये का?

असं म्हणणं सोपं आहे आणि धोक्याचं आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघड झालं. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं माहिती असून कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. मुलीवरचा अत्याचार कळूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यानं गुन्हेगारांना पाठीशी घातलं जातं, असं न्यायालयानं म्हटलं.

हे प्रकरण लक्षात ठेवायला हवं. घरातला काका, वसतिगृहाचा कर्मचारी, शिकवणीचा मास्तर यांच्यापासून मुलीला सोडवणारा पहिला माणूस बहुतेक वेळा डॉक्टर किंवा शिक्षक असतो. त्याच्यावर कळवण्याचं बंधन नसेल, तर 'घराची अब्रू' या दोन शब्दांत प्रकरण मिटवलं जाईल. आणि लग्न झालं म्हणजे जबरदस्ती नसतेच, असंही नाही. चाळिशीतल्या माणसाशी लावून दिलेली चौदा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांच्या मुलाबरोबर स्वतःहून निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, या दोघींना कायदा एकाच चौकटीत बसवतो. पण दोघींची गरज एकच नाही.

प्रकरण यंत्रणेकडे गेल्यावर काही दारं उघडतात, हेही खरं. बालकल्याण समिती मुलीला 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरवू शकते. पॉक्सोच्या नियमांनुसार तिला सहाय्यक व्यक्ती मिळू शकते, जी पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत तिच्यासोबत असते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य आहे. काही मुलांना बालसंगोपन योजनेचा आधार मिळतो. बालविवाह कायद्याखाली मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत स्वतःचं लग्न रद्द करून मागू शकते.

म्हणजे यंत्रणेकडे मुलीला देण्यासारखं बरंच आहे. अडचण अशी की त्यातलं बहुतेक एफआयआरच्या पलीकडे ठेवलेलं आहे. आधी नवऱ्याला किंवा आईवडिलांना आरोपी करा, मग मदत घ्या. सोळा वर्षांची, पोटात बाळ असलेली आणि घराबाहेर कुणीच नसलेली मुलगी ही किंमत मोजायला तयार होत नाही.

न्यायालयानं उघडलेली छोटी खिडकी

चंद्रपूरच्या निकालाच्या पाचच आठवडे आधी, २९ सप्टेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या हक्काबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला होता. अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा, यासाठी तो गाजला. पण त्यातच एक भाग अल्पवयीन मुलींबद्दल होता.

न्यायालयानं ओळखलं की कळवण्याच्या सक्तीमुळे अल्पवयीन मुली नोंदणीकृत डॉक्टरांकडे न जाता भोंदूंकडे जातात. म्हणून गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील देण्याची गरज नाही. कळवायचं, पण नाव न देता.

हा तोडगा हुशार आहे. गुन्ह्याची माहिती पोलिसांकडे जाते आणि मुलीवर उपचारही होतात. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. एक, अंमलबजावणी. २०२५ मध्येही मुंबई उच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं, ज्यात पोलीस नाव मागत असल्यानं डॉक्टरांना न्यायालयात जावं लागलं. मुंबईतले डॉक्टर न्यायालय गाठू शकतात. तालुक्याच्या डॉक्टरपुढे फौजदार उभा राहिला, तर तो काय करणार?

दुसरी मर्यादा जास्त मोठी. ही सवलत गर्भपाताच्या संदर्भात दिलेली आहे. ज्या मुलीला बाळ हवं आहे, किंवा दिवस भरत आल्यामुळे दुसरा मार्गच उरलेला नाही, तिच्या तपासण्यांना आणि बाळंतपणाला ती लागू होईल असं त्या निकालात म्हटलेलं नाही. म्हणजे मूल नको असलेल्या मुलीला नाव झाकता येतं. बाळंतपणाला आलेल्या मुलीकडे '१९' एवढंच उरतं.

नंतरचं नुकसान

पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हे फार जवळून पाहावं लागलं. चौदा वर्षांची मुलगी एका तरुणाबरोबर निघून गेली, तिला मूल झालं, त्याच्यावर पॉक्सोखाली खटला चालला. उच्च न्यायालयानं त्याला सोडलं, तेही किशोरवयीन मुलींनी भावनांवर ताबा ठेवावा असे सल्ले देत. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये ते शेरे फेटाळले आणि त्याला पुन्हा दोषी ठरवलं. मग मुलीची स्थिती पाहायला तज्ज्ञांची समिती नेमली.

समितीचा अहवाल वाचल्यावर न्यायालयानं मे २०२५ मध्ये आपले विशेष अधिकार वापरून, दोषी ठरलेल्या त्या माणसाला शिक्षा न देण्याचा निर्णय घेतला. त्या मुलीला त्या घटनेपेक्षा नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांनी जास्त त्रास झाला होता. माहेरानं तिला टाकलं होतं, आणि नवऱ्याला सोडवण्यासाठी ती कर्ज काढून झगडत होती. हा निकाल इतर खटल्यांसाठी दाखला होणार नाही, असं न्यायालयानं बजावलं. राज्यानं तिच्या शिक्षणाची आणि मुलाच्या भविष्याची सोय करावी, असंही सांगितलं. ही सोय तिला काही वर्षं आधी, खटल्याविना मिळाली असती तर?

काय करता येईल?

संमतीचं वय १६ करावं, ही मागणी अधूनमधून होते. कायदा आयोगानं सप्टेंबर २०२३ च्या अहवालात ती नाकारली, पण १६ ते १८ वयोगटातल्या सहमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत विवेक वापरता यावा, असं सुचवलं. हा वाद मोठा आहे. दवाखान्याचं दार उघडं ठेवायला मात्र तो सुटेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

पहिलं, नाव झाकून कळवण्याची मुभा बाळंतपण आणि गरोदरपणातल्या तपासण्यांनाही मिळायला हवी, निदान जिथे जबरदस्तीचा संशय नाही तिथे. जबरदस्ती आहे का, हे मुलीला एकटीला, सासू-नवऱ्याच्या गैरहजेरीत विचारल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात एक खोली आणि एक प्रशिक्षित समुपदेशक लागते.

दुसरं, आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडून लग्नाआधीची माहिती घ्यावी, गरोदरपणानंतरची नव्हे. लग्न ठरतंय हे कळवलं तर ते थांबवता येतं. मुलगी सहा महिन्यांची गरोदर असताना कळवून थांबवण्यासारखं काही उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ च्या बालविवाहावरच्या निकालातही खटल्यांची संख्या वाढवण्यापेक्षा विवाह रोखण्यावर भर द्यावा, असंच सांगितलं.

तिसरं, शिधा, तपासणी आणि शाळेत परतण्याची सोय वयाच्या दाखल्यावर आणि एफआयआरवर अडू नये. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी वसतिगृहं हंगाम सुरू होण्याआधी उघडी हवीत. पुढची पोलीस केस टाळण्याचा तोच सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

तुमच्या माहितीसाठी

तुमच्या ओळखीत अल्पवयीन मुलीचं लग्न ठरत असेल, तर १०९८ या चाइल्डलाइनवर कळवा. लग्न होण्याआधी कळवलं, तर बहुतेक वेळा समज देऊन आणि हमीपत्र घेऊन ते थांबवता येतं.

कुणी अल्पवयीन मुलगी आधीच गरोदर असेल, तर तिच्या घरच्यांना एवढं सांगा: डॉक्टरांना खरं वय कळणं तिच्या जिवासाठी गरजेचं आहे. पोलीस केस होईल म्हणून कोणतंही रुग्णालय तिला उपचार नाकारू शकत नाही. गर्भपाताचा प्रश्न असेल, तर २०२२ च्या निकालानुसार नाव न देण्याची विनंती करता येते. आणि जबरदस्ती झाली असेल, तर कळवणं हाच तिला सोडवण्याचा मार्ग आहे.

यातली पहिली दोन वाक्यं ऐकून सासू विचारेल, "म्हणजे पोरगा आत जाणार नाही ना?" आजच्या कायद्यात या प्रश्नाला खात्रीचं उत्तर कुणालाच देता येत नाही. ते देता येत नाही तोवर कार्डावर १९ लिहिलं जाईल.